बुधवारी आणि शुक्रवारी मरणारी रोपं

“टॉर्च नीट धर. भिंतीवर नको, स्क्रूवर.”

“स्क्रूवरच धरलीय. तुमचं डोकं मधी येतंय.”

डोकं बाजूला घेतलं. मी स्टुलावर उभा, कुसुम खाली टॉर्च घेऊन, आणि वर बाथरूममधला गिझर उघडा पडलेला. थर्मोस्टॅट गेला होता. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी हवं तेवढं तापलं की करंट तोडायचा आणि गार व्हायला लागलं की परत जोडायचा, एवढंच काम करणारा तुकडा. मी जन्मभर असले तुकडे बदलले. माझ्या बायकोनं जन्मभर, झाडात असला तुकडा कुठं बसवलाय ते शोधलं. माझं काम सोपं. माझा तुकडा बाजारात मिळायचा.

झाकण लावलं, मेन चालू केला, थोड्या वेळानं नळाखाली हात धरला.

“झालं. बरोबर तापतंय.”

“हात म्हंजे थर्मामीटर न्हवे,” कुसुम म्हणाली. “उद्या सकाळी थर्मामीटर लावून बघा. मगच बरोबर म्हणा.”

हे वाक्य मी सगळा संसारभर ऐकलं. म्हटलं, बघतो. हात धुतले, चहा प्यालो. संध्याकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्याच्या दारापर्यंत रिक्षा पोचली, ती पोचली नाही.

पुढं तिच्या कॉलेजात शोकसभा झाली. मला पहिल्या रांगेत बसवलं. एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, “बाईंनी वनस्पतींवरील उष्णतेच्या ताणाचा जो अभ्यास केला, तो तत्कालीन विभागप्रमुखांच्या बहुमोल मार्गदर्शनाखाली.” मला हसू आलं. दाबायला गेलो तर घशात अडकलं. शेजारच्या माणसाला वाटलं मी हुंदका दिला. तो पाठीवरून हात फिरवायला लागला. फिरवू दिला.

ते मार्गदर्शन काय होतं ते मी या डोळ्यांनी बघितलंय. ते पितळेचं होतं, चार पुडाचं होतं, आणि वरच्या पुडात तर्री होती. सभेत बोलता येईना, म्हणून लिहितोय. माझं शिक्षण सातवी. चुका काढणाऱ्यांनी खुशाल काढाव्यात.

मी मूळचा जयसिंगपूरकडचा, जैन घरातला. शाळा सुटली तशी एका रिवाइंडिंगच्या दुकानात बसलो. रिवाइंडिंग म्हणजे जळालेल्या मोटारीची तार उकलून नवी गुंडाळायची. पुढं कोल्हापुरात एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री म्हणून लागलो. कॉलेजचं नाव सांगत नाही, अजून चालू आहे. लग्न ठरलं तेव्हा कुसुम मॅट्रिक झालेली. तिचे वडील मास्तर. ते एवढंच म्हणाले, “पोरीला शिकायचंय, अडवू नका.” मी म्हटलं, शिकंल की. मला काय माहीत ही किती शिकणार! बी.एस्सी. झाली, एम.एस्सी. झाली, मधे पोरगं झालं, आणि ऐंशी सालाच्या सुमाराला डॉक्टर होऊन माझ्याच कॉलेजात बॉटनीच्या एका प्रोजेक्टवर आली. वर्कशॉपमधली मंडळी म्हणायची, “बाई डॉक्टर, नवरा फिटर.” मी म्हणायचो, तुमची बायको काय कलेक्टर हाय व्हय? कॉलेजात ती मला मिस्त्री म्हणायची, मी तिला मॅडम. तिच्या सहीची चिठ्ठी आल्याशिवाय मी तिच्या मशीनला हात लावायचो नाही. नियम म्हणजे नियम.

तिचं काम असं. ऊन वाढलं की माणूस सावलीत जातो, म्हैस डबक्यात बसते. झाड कुठं जाणार? ते आहे तिथंच उभं राहून आतल्या आत काहीतरी करतं. काय करतं, ते बघायचं. तिनं आपला रब्बीचा शाळू घेतला. ट्रेमध्ये ओल्या टीपकागदावर बी टाकायची, बोटभर रोपं आली की दोन ट्रे घ्यायची. एक ट्रे तसाच. दुसरा आधी दोन तास चाळीस डिग्रीत ठेवायचा, म्हणजे त्याला नुसती धग दाखवायची. मग दोन्ही ट्रे पन्नास डिग्रीत. तसाच ठेवलेला मरायचा. धग दाखवलेला जगायचा.

“म्हंजे पोराला आधी चापटी मारली की पुढं रट्टा सोसतंय,” मी म्हटलं होतं.

“तसं न्हवे.” मग दाराकडं बघून म्हणाली, “तसंच. पण कुठं सांगू नका.”

चापटी बसली की रोपाच्या पेशी एक नवीन प्रोटीन बनवतात आणि ते बाकीच्या प्रोटीनांना उन्हात सांभाळून नेतं, असं तिचं म्हणणं. हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी रोपं खलात घोटायची, रस काढायचा आणि जेलमध्ये सोडायचा. जेल म्हणजे दोन काचांमध्ये जमवलेली पातळ वडी, खरवसासारखी, फक्त खायची नाही. तिला करंट लावला की प्रोटीनं खाली सरकतात, हलकी पुढं, जड मागं. मग निळ्या रंगात बुडवली की रेघा उठतात. धग दाखवलेल्या रोपाच्या रसात एक रेघ जास्त. त्या एका निळ्या रेघेवर कुसुमची सगळी नोकरी उभी होती.

धग दाखवायची ती इनक्युबेटरमध्ये. काचेच्या दाराचं कपाट, आत हिटर, बाहेर नॉब. नॉबवर चाळीसच्या जागी तिनं लाल नेलपॉलिशची खूण केली होती. घरात त्या बाटलीचा दुसरा काही उपयोग झाला नाही.

आता भानगड अशी, की कधीकधी धग दाखवलेला ट्रेही मरायचा. नुसत्या माना टाकल्या असं नाही. परतलेल्या मेथीसारखा व्हायचा. परत केलं की जगायचा. परत केलं की मेथी. आणि त्यांच्या धंद्यात, एकदा झालं आणि दुसऱ्यांदा झालं नाही तर ते झालंच नाही असं धरतात.

आमचे हेडसाहेब, म्हणजे तेच विभागप्रमुख, अंगानं पैलवान. तरुणपणी तालमीत होते म्हणे, आणि पीएचडी शेवाळावर. दोन्ही सुटलं होतं. केबिनमध्ये बसून ते सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलायचे.

“मॅडम, आज जगलं, उद्या मेलं. हे सायन्स हाय का मटका?”

“सर, कारण शोधतेय.”

“शोधा की. मिस्त्री! घरचंच मशीन म्हणून हयगय करताय व्हय?”

मी हयगय करत नव्हतो. थर्मोस्टॅट बदलला. परत बदलला. दाराचं रबर नवं घातलं. हिटरची तार उकलून बघितली. मी हात घालून म्हणायचो बरोबर आहे, ती थर्मामीटर घालून म्हणायची बरोबर आहे. फक्त रोपांना कोणी सांगितलं नव्हतं. तिनं बी बदललं, पाणी बदललं, टीपकागद मुंबईहून मागवला. बुरशी असेल म्हणून बी औषधात धुतलं. शाळू आपला मनाला येईल तेव्हा मरायचा.

यात जीव टांगणीला लागायचं कारण वेगळंच. तिची जागा प्रोजेक्टची, कायम नव्हती. प्रोजेक्टला पैसे दिल्लीहून यायचे. मुदत संपत आली होती आणि दिल्लीचे एक मोठे शास्त्रज्ञ स्वतः येऊन प्रयोग बघणार होते. त्यांच्यासमोर शाळू जगला तर प्रोजेक्ट पुढं चालणार. मेला तर प्रोजेक्ट बंद, जागा बंद. दुसरीकडं अर्ज करायचं तिचं वय उलटून गेलेलं. “मग काय करणार?” मी विचारलं तर म्हणाली, “शिकवण्या घेईन.” आणि त्या दिवशीच्या आमटीत मीठ दोनदा पडलं.

आमच्या गल्लीत जैन आम्हीच. बाकी सगळे वार पाळणारे. कोल्हापूरचा हिशेब असा, की सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. ते बोकडाचे. एका बुधवारी दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून कुसुम चपात्या लाटत होती. शेजारच्या शिंदेवहिनींनी मसाला परतायला घेतला तसा घमघमाट आत आला. ती नेहमीसारखी खिडकी लावायला उठली आणि कडीला हात लावून तशीच उभी राहिली.

“आज बुधवार न्हवे?”

“नाकाला कळतंय की.”

“आज मेली,” ती म्हणाली. “मागच्या खेपंला मेली ती शुक्रवारी. त्याच्या आधीची बुधवारी. सोमवारची जगली. मंगळवारची जगली. अहो, माझी रोपं बुधवारी आणि शुक्रवारीच मरायलीत.”

“मग त्यास्नी वार पाळाय सांग.”

एरवी लाटणं उगारलं असतं. आज लाटणं पोळपाटावरच राहिलं. चपाती तव्यावर जळाली.

त्या शुक्रवारी तिला सकाळी अकरा ते एक पोरींचं प्रॅक्टिकल होतं. ट्रे अकराला इनक्युबेटरमध्ये ठेवून ती वर्गात जायची आणि एकला काढायला यायची. मधले दोन तास तिकडं कोणी फिरकत नाही अशी आमची समजूत. प्रॅक्टिकल अर्धं टाकून ती वर्कशॉपच्या दारात आली. “मिस्त्री, चला.” चिठ्ठी नाही, काही नाही. नियम मोडला तेव्हाच मी ओळखलं.

लॅबमध्ये इनक्युबेटरसमोर दौलू शिपाई उकिडवा बसला होता. नॉबवर हात. काचेतून आत पितळी डबा दिसत होता.

“दौलू, हे काय?” कुसुमनं विचारलं.

“साहेबांचा डबा की बाई.” तिनं दार उघडलं तसा तो कळवळला. “दार लावा, दार लावा! तर्री गोठंल.”

“आणि नॉब कुठाय?”

“त्यो शेवटाला लावायचा. मग घटकाभरात चटका बसंल असं तापतंय. काढताना परत तुमच्या लाल खुणंवर आणून ठेवतो की. तुमचं कायबी हलवत न्हाय मी. ट्रे बी सारत न्हाय. त्याच्यावरच ठेवतो डबा.”

कुसुम स्टुलावर बसली.

“कधीपासनं?”

“मशीन आल्यापासनं. साहेबच म्हणाले, एवढं ऊबदार कपाट, रिकामं कशाला ठेवायचं. रोज न्हाय हं बाई. रोज साहेब घरला जात्यात जेवाय. पर वहिनीसाहेबांनी माळ घातलीया, घरात मटण चालत न्हाय. म्हणून बुधवार-शुक्रवार खानावळीतनं डबा.”

“मग मला कधी बोलला नाहीस ते?”

दौलू जरा दुखावला. “तुम्ही जैन माणसं. तुमच्याफुडं मटणाचं नाव काढू व्हय मी? तुम्ही यायच्या आत डबा काढून फडकं मारून ठेवायचो. वास लागू नये म्हणून.”

वास तसाही लागला नसता. त्या लॅबमध्ये जेलसाठी एक रसायन वापरायचे, कुजक्या अंड्यासारखं. त्यात मटण काय, अख्खा बोकड लपला असता. असो. आम्ही जैन म्हणून दौलूनं मान राखला, आणि त्या मानापायी शाळू मरत होता. हिटर पूर्ण लावला की कपाट चाळीसचं सत्तर व्हायचं. चापटीच्या जागी कुऱ्हाड.

मी म्हटलं, “मी जातो आणि साहेबाला सरळ सांगतो.”

“काय सांगणार? तुमच्या मटणानं माझा शाळू मारला म्हणून?”

“मग?”

“मी जाते. तुम्ही पंखा दुरुस्त करायला या.”

केबिनचा पंखा चांगला होता. मी तो उघडून बसलो.

“सर,” कुसुम म्हणाली, “इनक्युबेटरमध्ये कुणी खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत, अशी एक ऑर्डर काढाल का?”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि आवाज चढवला. “कोण ठेवतो? नाव सांगा मॅडम. उभ्या उभ्या हाकलून देतो.”

“नाव नको सर. ऑर्डर पुरे.”

“काढतो की! आत्ता काढतो. सायन्समध्ये शिस्त पायजे.”

ऑर्डर टाइप झाली. ‘इनक्युबेटरमध्ये कोणीही कोणत्याही प्रकारचे खाद्यपदार्थ ठेवू नयेत.’ खाली साहेबांची लांबलचक सही. दौलूनं ती खळ लावून दाराच्या काचेवर चिकटवली, चारी कोपरे नीट दाबून. पुढच्या बुधवारी डबा ऑर्डरच्या बरोबर मागं.

“दौलू, वाचलीस का ही?”

“वाचली की बाई, मीच चिकटवली. पर ती बाकीच्यांसाठी हाय. साहेबांची आडर साहेबांस्नी कशी लागू व्हईल?”

डॉक्टरेटला हा विषय नसतो.

तेवढ्यात दिल्लीचं पत्र आलं आणि साहेबांनी दिवस कळवून टाकला. बुधवार.

“सर, मंगळवार नाही चालणार?”

“का? तुमचा शाळू पंचांग बघून जगतो काय?”

“व्हय सर.”

साहेब खो खो हसले. “मॅडम, मंगळवारी पावण्यांस्नी काय वरणभात घालू? कोल्हापुरात येऊन पांढरा-तांबडा न पिता माणूस परत गेला तर गावाची अब्रू काय राहील?”

मी तिला म्हटलं, त्या दिवशी नॉबच काढून खिशात घालतो. ती नको म्हणाली. “नॉब काढला तर म्हणतील मिस्त्रीनं मशीन बिघडवलं. आहे तसं राहू द्या. पाहुण्यांसमोर उघडायचं.”

“आणि त्यांनी डबा काढून झाल्यावर उघडलं तर?”

“तर शिकवण्या.”

मंगळवारी तिनं सगळा प्रयोग एकदा करून ठेवला. आदल्या आठवड्याचा जेलही काढून ठेवला, निळ्या रेघेसकट.

बुधवारी पाहुणे आले. बारके, मद्रासकडचे, कपाळाला भस्म. भस्म बघून साहेबांचा चेहरा जरा पडला, पण खानावळीत ऑर्डर जाऊन चुकली होती. अकराला कुसुमनं पाहुण्यांसमोर ट्रे ठेवला, नॉब लाल खुणेवर दाखवला, दार लावलं. साहेब म्हणाले, “आता दोन तास काय करायचं इथं? चला, केबिनमध्ये चहा घेऊ.” सगळे गेले. मी लॅबमध्ये राहिलो. हातात स्क्रू-ड्रायव्हर असला की तू इथं का उभा आहेस असं कोणी विचारत नाही.

बाराच्या सुमाराला दौलू आला. आज पाहुणे म्हणून डबा मोठा, पाच पुडाचा. कुसुमची सक्त ताकीद, मधे पडायचं नाही. मी बघत राहिलो. दौलूनं डबा ट्रेवर ठेवला, दार लावलं, नॉब शेवटाला. आतली हिरवी रोपं डब्याच्या बुडाखाली वाकली. माझ्या बायकोची नोकरी त्याच्याखाली होती. केबिनमधनं साहेबांचा आवाज येत होता, शेवाळाबद्दल.

तिकडं काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. पाहुण्यांनी दोनदा घड्याळ बघितलं. मग तिला विचारलं, “मधेच उघडून बघितलं तर प्रयोग बिघडेल का?”

“अजिबात नाही सर. आत्ताच बघा.”

“अजून टाइम हाय की!” साहेब म्हणाले. “दुसरा चहा सांगितलाय.”

पाहुणे उठले होते. शेवाळानं कुणालाही पाय फुटतात.

ते आले. मागं कुसुम, तिच्या मागं साहेब. पाहुण्यांनी स्वतः दार उघडलं. वाफ आली आणि त्यांचा चष्मा धुरकटला. त्यांनी चष्मा पुसला, नाकाला रुमाल लावला, आणि आत बघितलं. डब्याच्या झाकणाखालनं तांबडी तर्री ओघळून ट्रेमध्ये उतरली होती. रोपांची भाजी झाली होती, रश्श्यासकट. मग त्यांनी दारावरचा कागद बघितला. मराठी येत नव्हतं, पण खालची सही इंग्रजीत होती.

“इसमें क्या लिखा है?”

कुसुमनं इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांनी सहीवर बोट ठेवलं. “और ये साइन?”

मग साहेब गरजले, “दौलू! कुणी ठेवला हा डबा?”

“मीच की साहेब.”

“कुणी सांगितलं तुला?”

दौलू त्यांच्याकडं बघायला लागला. घरचा माणूस स्वतःचं नाव विसरला की आपण बघतो, तसा. “साहेब,” तो हळूच म्हणाला, “आज बुधवार न्हवं का?”

आता कुसुम बोलायला लागली. मला इंग्रजी कळत नाही, पण वेन्सडे आणि फ्रायडे कळतं. तिनं मंगळवारचा ट्रे पुढं ठेवला, ताठ उभा. जेल उजेडात धरला. रेघेवर बोट ठेवलं. आवाज एकदाही चढवला नाही. साहेबांचं नाव घेतलं नाही, डब्याचंही नाही. नुसतं डब्याकडं बघायची आणि पुढचं वाक्य बोलायची. पाहुणे ऐकत होते, आणि रुमालामागं त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं शिंका. माणूस हसत होता.

हसून झाल्यावर त्यांनी नवा ट्रे मागितला. डबा बाहेर काढायला लावला, कपाट पुसायला लावलं, स्टूल ओढलं आणि इनक्युबेटरसमोर राखणीला बसले.

“सर, जेवण...” साहेब म्हणाले.

“मी इथंच बसतो. थोडा दहीभात असेल तर बघा.”

दहीभात कुसुमच्या डब्यात होता. पाहुण्यांनी डबा हातात घेतला आणि तिला विचारलं, “हा यातून काढलेला नाही ना?”

ती पहिल्यांदा हसली. मी तिकडं पाठ करून उगाच एक स्क्रू पिळला. चांगला पिळला. तो पुढं कुणाला निघाला नाही.

पाहुण्यांनी त्या रात्रीची गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी धग दाखवलेला ट्रे उभा होता, दुसरा झोपला होता. प्रोजेक्ट पुढं चालू झाला, मागाहून तिची जागाही कायम झाली. त्या एका रेघेमागं ती निवृत्त होईपर्यंत लागली होती. सापडली का, असं लोक मला विचारतात. सापडली की. मग तिच्या शेजारी दुसरी सापडली. ते असंच असतं म्हणे.

बाकीचं ज्याचं त्याला मिळालं. मला मेमो मिळाला, थर्मोस्टॅटच्या नॉबची योग्य ती निगा न राखल्याबद्दल. दौलूला दम मिळाला. वनस्पतींचे नमुने वाळवण्यासाठी प्रोजेक्टच्या पैशातून एक नवा ओव्हन आला, तो साहेबांच्या केबिनशेजारी बसवला. बसवला मीच. त्यात एक पान वाळलेलं मी कधी बघितलं नाही. पेपर छापून आला तेव्हा पहिलं नाव साहेबांचं, दुसरं कुसुमचं. मी तणतणलो. ती म्हणाली, “बुधवारचे मेलेले ट्रेसुद्धा मी त्यात घातलेत. जास्त उष्णता लागली तर रेघ उठत नाही, हे त्यांच्यामुळंच कळलं. मग नाव नको त्यांचं?” ती हे चेष्टेत म्हणाली का खरंच, ते मला आजही सांगता येत नाही. आता विचारायचं कुणाला?

तर धंद्यात नवीन येणाऱ्या पोरांना माझं एवढंच सांगणं. मशीन बिघडलं की लगेच स्क्रू-ड्रायव्हर काढू नका. आधी चौकशी करा, साहेब आज काय जेवणार आहेत.

कुसुम गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. सुनेनं आंघोळीचं पाणी गॅसवर ठेवलं होतं. म्हाताऱ्यानं उघडलेल्या गिझरला कोण हात लावणार! मी बाथरूममध्ये गेलो, मेन चालू केला, गिझरचा दिवा विझेपर्यंत स्टुलावर बसलो. बादली भरली. तिचा लॅबचा जुना थर्मामीटर स्वयंपाकघराच्या खणात असतो, तो आणला होता. तो वाचताना बाहेर काढायचा नाही, पाण्यातच ठेवून डोळा लावायचा. हे तिनं सांगितलेलं, एकदा नाही, शंभरदा. वाकलो, डोळा लावला.

बाहेरून पोरगा म्हणाला, “आण्णा, काय करालाय आत?”

“बघालोय,” मी म्हटलं.

पारा थांबेपर्यंत थांबलो. मग म्हटलं, “बरोबर हाय.” हात घालून बघितलं नाही.